मेंदूतील अर्बुद आणि कवटीतील दाब

मेंदूत किंवा त्याच्या आवरणांत पेशींची अनियंत्रित वाढ होऊन तयार होणाऱ्या गाठीस मेंदूतील अर्बुद म्हणतात. व्यवहारात ‘ब्रेन ट्यूमर’ हा शब्द रूढ आहे. गाठ कर्करोगाची नसली तरी कवटीतील दाब वाढवून ती जिवाला धोका निर्माण करू शकते.

दाब वाढण्याची कारणे

प्रौढ माणसाची कवटी प्रसरण पावत नाही. तिच्यात मेंदू, रक्त व मस्तिष्क-मेरुद्रव हे तीन घटक असतात. एकाचे आकारमान वाढल्यास इतरांचे घटावे लागते. हे तत्त्व अलेक्झांडर मन्रो (१७८३) व जॉर्ज केली (१८२४) या स्कॉटिश वैद्यांच्या नावांनी ओळखले जाते. गाठ लहान असताना काही द्रव व रक्त कवटीबाहेर सरकते आणि दाब फारसा वाढत नाही. ही सोय संपली की गाठीच्या अल्प वाढीनेही दाब झपाट्याने चढतो. गाठीभोवतीची सूज आणि द्रवाचा मार्ग अडल्याने होणारा जलशीर्ष हा विकार यांमुळे त्यात भर पडते. आडव्या स्थितीत प्रौढांमध्ये हा दाब साधारणतः ७ ते १५ मिलिमीटर पारा इतका असतो.

लक्षणे

मेंदूला स्वतःला वेदना जाणवत नाही. आवरणे व रक्तवाहिन्या ताणल्या गेल्याने डोके दुखते. ही डोकेदुखी बहुधा सकाळी उठताना अधिक असते आणि खोकताना, वाकताना वा कुंथताना वाढते. उलट्या, दुहेरी वा धूसर दिसणे, झटके व गुंगी ही अन्य लक्षणे होत. तान्ह्या मुलांत टाळू फुगते व डोक्याचा घेर वाढतो. रक्तदाब वाढणे, नाडी मंदावणे व श्वास अनियमित होणे ही गंभीर अवस्थेची खूण असून ती अमेरिकन शल्यचिकित्सक हार्वे कुशिंग यांच्या नावाने ओळखली जाते.

बहुतांश डोकेदुखीचे कारण अर्बुद नसते. मात्र नव्याने सुरू होऊन सतत वाढत जाणारी किंवा वरील लक्षणांसह असणारी डोकेदुखी तपासून घेणे आवश्यक ठरते.

निदान

डोळ्याच्या तपासणीत दृष्टीच्या नसेच्या मुखाशी सूज दिसू शकते. निश्चितीसाठी सीटी स्कॅन किंवा एमआरआय करतात. १९७१ मध्ये लंडनजवळ सीटी स्कॅन झालेल्या पहिल्या रुग्णास मेंदूतील अर्बुदाचाच संशय होता. दाब वाढलेला असताना पाठीच्या कण्यातून पाणी काढल्यास मेंदूचा भाग खाली सरकण्याचा धोका असतो. म्हणून आधी स्कॅन करतात.

उपचार

डेक्सामेथासोनने गाठीभोवतीची सूज उतरते, तर मॅनिटॉलने दाब तात्पुरता घटतो. शक्य असल्यास शस्त्रक्रियेने गाठ काढतात. अडलेला द्रव नळीवाटे पोटात वळवता येतो. गाठीच्या प्रकारानुसार किरणोपचार व रसायनोपचार दिले जातात.