हॉवर्ड विद्यापीठ : नागरी हक्कांची कार्यशाळा

अमेरिकेतील कृष्णवर्णीयांच्या नागरी हक्क चळवळीचे नाव घेताच मार्टिन ल्यूथर किंग यांचे भाषण आणि रस्त्यांवरून निघालेले मोर्चे डोळ्यांसमोर येतात. मात्र या मोर्चांच्या कितीतरी आधी हा लढा वर्गखोल्यांत आणि ग्रंथालयांत सुरू झाला होता. वॉशिंग्टनमधील हॉवर्ड विद्यापीठ हे त्याचे प्रमुख केंद्र.

यादवी युद्ध संपून गुलामगिरी नष्ट झाल्यावर, १८६७ मध्ये हे विद्यापीठ स्थापन झाले. मुक्त झालेल्या गुलामांच्या पुनर्वसनासाठी नेमलेल्या सरकारी खात्याचे प्रमुख जनरल ऑलिव्हर हॉवर्ड यांचे नाव त्यास देण्यात आले. तथापि, विद्यापीठाला पहिला कृष्णवर्णीय अध्यक्ष लाभण्यास १९२६ साल उजाडावे लागले. मॉर्डेकाय जॉन्सन हे ते अध्यक्ष. त्यांनी पुढे ३४ वर्षे विद्यापीठाची धुरा वाहिली.

वकिलांची फळी

१८९६ च्या ‘प्लेसी’ खटल्यात अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने ‘विभक्त, पण समान’ सुविधांना मान्यता दिली होती. विभक्तपणा काटेकोरपणे पाळला गेला. समानता कागदावरच राहिली. या तत्त्वाला न्यायालयातच आव्हान द्यायचे, तर त्यासाठी निष्णात वकील हवे होते. १९२९ मध्ये हॉवर्डच्या विधि महाविद्यालयाची सूत्रे चार्ल्स हॅमिल्टन ह्यूस्टन यांच्याकडे आली. त्यांनी संध्याकाळचे वर्ग बंद करून पूर्णवेळ अभ्यासक्रम सुरू केला आणि शिस्त कडक केली. १९३१ मध्ये महाविद्यालयाला अमेरिकी वकील संघटनेची मान्यता मिळाली. वकील हा समाजाची नवी घडी बसविणारा अभियंता असला पाहिजे, अशी ह्यूस्टन यांची धारणा होती.

थरगूड मार्शल हे त्यांचेच विद्यार्थी. वर्णामुळे मेरीलँड विद्यापीठाचे दार बंद असल्याने ते हॉवर्डला आले आणि १९३३ मध्ये वर्गात पहिले येऊन पदवीधर झाले. त्यानंतर दोनच वर्षांनी गुरुशिष्यांच्या या जोडीने त्याच मेरीलँड विद्यापीठाच्या विधि महाविद्यालयात एका कृष्णवर्णीय विद्यार्थ्याला न्यायालयाच्या आदेशाने प्रवेश मिळवून दिला. प्रारंभी उच्च शिक्षणातील विषमतेवर बोट ठेवायचे, स्वतंत्र पण खरोखर समान संस्था चालविणे राज्यांना परवडणार नाही हे सिद्ध करायचे आणि अखेरीस शाळांकडे वळायचे, असे ह्यूस्टन यांचे धोरण होते.

सर्वोच्च न्यायालयात जाण्यापूर्वी हॉवर्डमध्ये युक्तिवादाची रंगीत तालीम होत असे. प्राध्यापक न्यायाधीशांच्या भूमिकेत शिरून वकिलांची उलटतपासणी घेत. १७ मे १९५४ रोजी ‘ब्राऊन’ खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने शाळांतील वंशभेद एकमताने घटनाबाह्य ठरविला. तो दिवस पाहण्यास ह्यूस्टन हयात नव्हते. १९५० मध्येच त्यांचे निधन झाले होते. मार्शल १९६७ मध्ये त्याच न्यायालयाचे पहिले कृष्णवर्णीय न्यायमूर्ती झाले.

रिकामे ताट, उघडे पुस्तक

लढा न्यायालयापुरता मर्यादित नव्हता. दुसरे महायुद्ध सुरू असताना राजधानीतील अनेक उपाहारगृहांत कृष्णवर्णीयांना मज्जाव होता. एप्रिल १९४३ मध्ये हॉवर्डचे विद्यार्थी अशाच एका उपाहारगृहात शिरले. खाद्यपदार्थ नाकारले जाताच रिकामी ताटे घेऊन ते टेबलांपाशी बसले आणि शांतपणे पुस्तके वाचू लागले. काही दिवसांतच मालकाला धोरण बदलावे लागले. या विद्यार्थ्यांना मार्गदर्शन करणाऱ्या विधि शाखेच्या विद्यार्थिनी पॉली मरे यांच्यावर गांधीजींच्या सत्याग्रहाचा प्रभाव होता. पुढे देशभर गाजलेले ग्रीन्सबरोचे धरणे १९६० चे. म्हणजे त्यानंतर १७ वर्षांनी झालेले.

परंतु १९४४ मध्ये दुसऱ्या उपाहारगृहात असेच आंदोलन होताच विद्यापीठ प्रशासनाने विद्यार्थ्यांना ते थांबविण्यास सांगितले. विद्यापीठाचा मोठा खर्च अमेरिकी काँग्रेसच्या अनुदानातून भागत होता आणि काँग्रेसमध्ये दक्षिणेकडील वंशभेदसमर्थक सदस्यांचे वजन होते. संस्था टिकवायची की तत्त्वासाठी तिलाच पणाला लावायचे, हा पेच हॉवर्डला वारंवार पडला.

वर्ध्याशी धागा

हॉवर्डचे प्राध्यापक हॉवर्ड थर्मन यांनी १९३६ मध्ये बारडोली येथे गांधीजींची भेट घेतली. त्यानंतर १९३६-३७ च्या हिवाळ्यात हॉवर्डच्या धर्मविद्या शाखेचे अधिष्ठाता बेंजामिन मेज यांनी वर्ध्यात गांधीजींशी अहिंसेवर चर्चा केली. हेच मेज पुढे अटलांटातील मोरहाऊस महाविद्यालयाचे अध्यक्ष आणि तरुण किंग यांचे मार्गदर्शक झाले. अध्यक्ष जॉन्सन हेही भारतात येऊन गेले. परतल्यावर फिलाडेल्फियात त्यांनी गांधीजींवर दिलेले व्याख्यान ऐकून किंग इतके भारावले, की त्यांनी गांधीजींवरील अनेक पुस्तके विकत घेतली.

नवी पिढी

साठच्या दशकात हॉवर्डचाच विद्यार्थी स्टोकली कारमायकेल दक्षिणेतील मतदार नोंदणी मोहिमेत उतरला आणि १९६६ मध्ये ‘ब्लॅक पॉवर’ची घोषणा देऊन त्याने चळवळीला वेगळे वळण दिले. मार्च १९६८ मध्ये तर विद्यार्थ्यांनी विद्यापीठाच्या प्रशासकीय इमारतीचाच ताबा घेतला. अभ्यासक्रमात कृष्णवर्णीयांचा इतिहास व संस्कृती यांना योग्य स्थान मिळावे, ही त्यांची एक मागणी होती. अन्यायाला प्रश्न विचारण्यास शिकविणाऱ्या विद्यापीठाला अखेर विद्यार्थ्यांच्या प्रश्नांनाही सामोरे जावे लागले.