मनाई नाही, पण शक्य आहे का?

विद्यार्थ्यांच्या वर्तमानपत्रात सगळ्यांना स्थान हवे, असे आपण सहज म्हणतो. ते मिळते कसे, हे पाहायला हार्वर्ड विद्यापीठातल्या ‘क्रिमसन’कडे वळू.

विद्यार्थ्यांनीच चालवलेले हे पत्र 1873 साली ‘मॅजेंटा’ नावाने निघाले. अध्यक्षपदी पहिली स्त्री, गे साइडमन, आली ती थेट 1977 मध्ये. 2018 मध्ये क्रिस्टीन गियोम निवडून आली. या पदावरची ती पहिली कृष्णवर्णीय स्त्री. तिच्याआधी कृष्णवर्णीय अध्यक्ष झाले होते अवघे दोन!

सुरुवातीला विद्यापीठच पुरुषांचे होते, हे खरे. पण विद्यापीठाचे दार उघडले म्हणून संपादकांच्या खोलीचे आपोआप उघडत नाही. इथे सभासद व्हायला कित्येक आठवडे उमेदवारी करावी लागते, तीही बिनपगारी. ज्याला खर्च भागवायला संध्याकाळी नोकरी करायची आहे, त्याने ती कधी करायची? तो आला नाही की ‘त्याला रस नाही’ म्हणून आपण मोकळे. तत्त्वज्ञानात आम्ही मनाई नसणे आणि शक्य असणे यांत फरक करतो, तो हाच. ‘क्रिमसन’ने पुढे गरजू सभासदांना आर्थिक मदत सुरू केली, ती म्हणूनच महत्त्वाची.

पन्नास वर्षांनी इतिहासकार जुने अंक चाळतो. जे लिहायला बसू शकले नाहीत, त्यांचे कॉलेज त्याला दिसतच नाही.

तेव्हा आपल्या कॉलेजात भित्तिपत्रकाची बैठक किती वाजता असते आणि गावाकडची शेवटची एसटी किती वाजता सुटते, एवढे आधी पाहू या.