पदवीनंतरचें संस्थांतर

अमेरिकेंत फुटबॉल वा बास्केटबॉल खेळणाऱ्या विद्यार्थ्यानें विद्यापीठ बदलल्यास वर्षभर सामन्यांपासून दूर राहावें, असा दंडक होता. २००६ सालीं पदवीधरांना त्यांतून सूट मिळाली. २००७ मध्यें विद्यापीठांनींच ती रद्द केली. पुढें ती वाट पुन्हां खुली झाली. जो बरो २०१८ सालीं ओहायो स्टेटची पदवी घेऊन लुइझियाना स्टेटमध्यें गेला व २०१९ च्या हंगामांत त्यानें त्या संघाला अजिंक्यपद मिळवून दिलें. घडविलें एकानें, कीर्ति दुसऱ्याची, ही तक्रार खोटी नव्हे. परंतु विद्यापीठ शिक्षण देण्यास बांधलेलें, विद्यार्थी तें पुरें करण्यास. पदवी हातीं आली कीं दोघेहि ऋणमुक्त. २०२४ सालीं मात्र अभ्यासांतील किमान पात्रता राखणाऱ्यास पदवीवांचूनहि वाटेल तितक्या वेळां जाण्याची मुभा मिळाली. पदवीधरानें जें स्वातंत्र्य कमावलें होतें, तें आतां मागतांच मिळूं लागलें. आणि पदवीचें मोल तेवढें उतरलें.