नवेगावचे पाणी कोणी अडवले?

कोकणात बोट निघते ती डॉल्फिन दाखवायला. समुद्रापासून शेकडो मैल दूर, गोंदिया जिल्ह्यात, नवेगाव बांधच्या जलाशयावरून दिसतात ते पक्षी. उत्तरेकडील थंड प्रदेशांतून आलेली बदके हिवाळ्यात येथे उतरतात. पाहणारा यास निसर्ग म्हणतो. इतिहासाच्या दृष्टीने मात्र हे पाणी माणसाने अडवलेले आहे.

अठराव्या शतकाच्या आरंभी कोलू पाटील कोहळी यांनी हा बांध घातला, असे मानले जाते. कोहळी म्हणजे तळी बांधण्यात निष्णात समाज. चांद्याच्या गोंड राजांनी त्यास आश्रय दिला. मातीची पाळ, शेताला पाणी सोडणारे तुडूम, जादा पाणी वाहून नेणारी सलंग, ही सारी रचना धानासाठी होती. पक्षी हे तिचे अनाहूत लाभार्थी!

१९५० च्या कायद्याने मालगुजारी संपली (हा भाग तेव्हा मध्य प्रदेशात होता) आणि तळी सरकारजमा झाली. मालगुजारी जाणे न्याय्यच होते. परंतु गाळ कोणी काढायचा, हा प्रश्न अनुत्तरित राहिला. नवेगावला १९७५ मध्ये राष्ट्रीय उद्यान लाभले. गावोगावची लहान तळी मात्र उथळ होत गेली, बेशरमाच्या झुडपांनी भरली. अलीकडे अर्जुनी मोरगाव तालुक्यात ढीवर स्त्रियांनी तळ्यांत उतरून ती झुडपे उपटली, स्थानिक पाणवनस्पती लावल्या. मासळी वाढली, पाठोपाठ पक्षीही आले.