तीन भागीदारांची मंडळी

सेलूसारख्या गावात एखादे भजनी मंडळ फुटले, की कारण विचारावे लागत नाही. "पेटीवाल्याचे नि गाणाऱ्याचे बिनसले," एवढ्यात लोक प्रकरण मिटवतात. महाराष्ट्राने ज्या नाटक मंडळीवर सर्वांत जास्त जीव लावला, तिची कथाही फारशी निराळी नाही.

अण्णासाहेब किर्लोस्करांनी 1880 साली उभारलेल्या मंडळीचा कारभार 1911 मध्ये नानासाहेब जोगळेकर वारल्यावर शंकरराव मुजुमदारांच्या हाती एकवटला. मंडळी एका माणसाची झाली, ही सल नटांना बोचू लागली. त्यातूनच 1913 साली तिघे बाहेर पडले: नारायणराव राजहंस म्हणजे बालगंधर्व, गणपतराव बोडस आणि गोविंदराव टेंबे. एकाचा गळा, दुसऱ्याचा अभिनय, तिसऱ्याची पेटी. 'मानापमाना'च्या चाली टेंब्यांच्याच होत्या. तिघांनी भागीदारीत गंधर्व नाटक मंडळी काढली.

पुढे जे घडले ते मोठे नवलाचे! दोन-तीन वर्षांतच टेंबे कारभारातील मतभेदांमुळे निघून गेले. तरी 1916 साली 'स्वयंवर' आले. भास्करबुवा बखल्यांच्या चालींनी घराघरांतील बायकापोरे गुणगुणू लागली. 1919 साली 'एकच प्याला' रंगभूमीवर आले. सिंधू बालगंधर्वांची, सुधाकर बोडसांचा. हे यश पदरात पडल्यावर बोडसही दूर झाले. एका मालकाला कंटाळून निघालेली मंडळी अखेर एकाच मालकाची झाली!

वैभवाला मात्र तोटा नव्हता. भरजरी शालू, उंची अत्तरे, तबल्याला थिरकवाँसाहेब, सारंगीला कादरबक्ष. पण "नारायणराव, एवढा खर्च कशाला?" असे बरोबरीच्या नात्याने विचारणारा भागीदार आता उरला नव्हता. 1921च्या सुमारास कर्ज लाखाच्या वर गेले. बालगंधर्वांनी रात्री जागवून, गाऊन, ते फेडलेही. पुढे 1931 साली बोलपट आला आणि थिएटरांची गर्दी तिकडे वळली. 1932च्या 'अयोध्येचा राजा'त हरिश्चंद्र म्हणून दिसले ते गोविंदराव टेंबे, संगीतही त्यांचेच. बालगंधर्व 1935 साली 'प्रभात'च्या 'धर्मात्मा'त पैठणचे एकनाथ महाराज झाले, तोवर मंडळीचे दार लागले होते. पुढे ती पुन्हा उघडली, पण ते दिवस परतले नाहीत.

बालगंधर्व 1967 साली गेले. लोक म्हणतात, बोलपटाने मंडळी बुडवली. बोलपटाने अनेक मंडळ्या बुडवल्या, हे खरे. पण या मंडळीचा पाया त्याआधीच खचला होता. गळा देवाचे देणे असते. मंडळी मात्र माणसांनी एकमेकांना सांभाळून चालवायची असते. तिघांपैकी कोणी लहान नव्हता. कदाचित म्हणूनच कोणाला दुसऱ्यासाठी थोडे लहान होता आले नाही.