कर्णधार कोण ठरवतं? पालवणकर बंधूंनी शिकवलेला धडा

‘खेळात जात आणू नका.’ पावसाळा सरला की अलिबागपासून श्रीवर्धनपर्यंत आपल्या रायगडच्या किनाऱ्यावर टेनिस क्रिकेटच्या स्पर्धा सुरू होतात. तिथे संघनिवडीबद्दल कुणी प्रश्न विचारला की हे वाक्य हमखास ऐकू येतं. आम्ही उलट विचारतो, खेळात जात आणली कुणी? याचं उत्तर शंभर वर्षांपूर्वीच्या मुंबईच्या मैदानावर नोंदलेलं आहे.

पालवणकर बाळू यांचा जन्म 1876 सालचा, धारवाडचा. समाज चर्मकार, म्हणजे तेव्हाच्या व्यवस्थेने अस्पृश्य ठरवलेला. पुण्यात पारशांच्या क्लबच्या मैदानावर झाडलोट करायची आणि रोलर फिरवायचा, हे त्यांचं पहिलं काम. पगार महिन्याला तीन रुपये. पुढे इंग्रजांच्या पूना क्लबमध्ये नेटवर साहेबांना गोलंदाजी टाकता टाकता हा डावखुरा फिरकी गोलंदाज तयार झाला. फलंदाजी हे साहेबांचं काम आणि घाम गाळून चेंडू टाकणं हे नोकराचं. त्यामुळे बाळूंना बॅट धरायला मिळत नसे.

साहेबांना हरवायचं तर बाळू हवेतच, हे पुण्यातल्या हिंदू संघालाही कळलं. बरीच चर्चा होऊन त्यांना संघात घेतलं गेलं. त्यांनी टाकलेला चेंडू सगळ्यांनी हाताळला. चहाच्या वेळी मात्र बाळू पॅव्हेलियनच्या बाहेर, वेगळ्या मातीच्या भांड्यासह. चेंडूला विटाळ नव्हता, कपाला होता!

प्लेगच्या काळात कुटुंब मुंबईला आलं आणि बाळू हिंदू जिमखान्याकडून खेळू लागले. 1906 मध्ये हिंदूंनी युरोपियन संघाला 109 धावांनी हरवलं, तेव्हा त्या संघात बाळू आणि त्यांचे भाऊ शिवराम दोघेही होते. 1911 च्या इंग्लंड दौऱ्यात भारतीय संघ सारखा हरत होता, पण बाळूंनी सगळ्या सामन्यांत मिळून 114 बळी घेतले. गुणवत्ता सिद्ध करायला आणखी काय हवं होतं?

तरीही दरवर्षी कर्णधार निवडायची वेळ आली की बाळूंचं नाव मागे पडायचं. हे ‘गुणवत्ता’वाल्यांनी नीट वाचावं. बाळू चांगले गोलंदाज नाहीत असं कुणीच म्हणत नव्हतं. अडचण वेगळीच होती. कर्णधार हुकूम देतो. क्षेत्ररक्षक कुठे उभा राहील, चेंडू कुणाच्या हातात जाईल, हे तो ठरवतो. अस्पृश्याने बळी घ्यावेत हे चालत होतं. त्याने ब्राह्मणाला ‘तू तिकडे उभा राहा’ म्हणावं, हे मात्र चालत नव्हतं.

1920 मध्ये हा प्रश्न पेटला. चौरंगी स्पर्धेच्या पहिल्या सामन्यासाठी नेहमीचे कर्णधार एम. डी. पै उपलब्ध नव्हते. बाळू चाळिशी ओलांडलेले होते, त्यांना संघातूनच वगळलं. धाकटे भाऊ विठ्ठल तेव्हाचे उत्तम फलंदाज आणि संघातले अनुभवी खेळाडू. कर्णधारपद मिळालं ते पुण्याच्या दि. ब. देवधरांना. देवधर मोठे फलंदाज होते यात वाद नाही. प्रश्न निवडीच्या मापाचा होता, आणि ते माप जातीचं होतं.

विठ्ठल आणि शिवराम यांनी संघातून माघार घेतली, आणि जातीमुळे आपल्याला डावललं जातं हे जाहीरपणे सांगितलं. वर्तमानपत्रांत वाद झाला, जिमखान्यावर दडपण आलं. अंतिम सामन्यात पै परतले, तेव्हा बाळू उपकर्णधार होते आणि दोघे भाऊ पुन्हा संघात होते. पै यांनी मुद्दाम काही काळ मैदान सोडलं आणि तेवढा वेळ बाळूंनी संघाचं नेतृत्व केलं. पैंची दिलदारी आम्ही मान्य करतो. पण आयुष्यभराच्या कामगिरीचं मोल म्हणून कुणी तरी मैदानाबाहेर गेल्यावर मिळालेलं घटकाभराचं कर्णधारपद, याला न्याय म्हणत नाहीत.

विठ्ठल कर्णधार झाले 1923 मध्ये, आणि त्या वर्षी हिंदूंनी युरोपियनांना हरवून स्पर्धा जिंकली. याच वर्षी ऑगस्टमध्ये मुंबई कायदेमंडळात सार्वजनिक पाणवठे अस्पृश्यांना खुले करण्याचा बोले ठराव मंजूर झाला होता. 1924 मध्ये आपल्या जिल्ह्यातल्या महाड नगरपालिकेनेही चवदार तळं खुलं केल्याचा ठराव केला. तो कागदावरच राहिला. 20 मार्च 1927 रोजी बाबासाहेबांनी ओंजळीने पाणी प्यायल्यावर सवर्णांनी आपल्या माणसांवर हल्ला केला, तळ्याचं ‘शुद्धीकरण’ केलं. ज्या वर्गाने विठ्ठलच्या विजयावर टाळ्या वाजवल्या, त्याच वर्गाला आपल्या ओंजळीतलं पाणी सोसलं नाही. एकट्या वीराचं कौतुक करायला सोपं असतं, समाजाचा हक्क मान्य करायला जड जातं.

1919 मध्ये साउथबरो समितीपुढे बाबासाहेबांनी हेच मांडलं होतं. आमच्या वतीने दुसऱ्याने बोलणं पुरेसं नाही, आमचा माणूस आम्ही निवडलेला हवा. क्रिकेटच्या भाषेत सांगायचं तर संघात जागा मिळाली तरी निवड समिती त्यांचीच असेल, तर कर्णधारही त्यांचाच राहणार.

इथे एक अवघड गोष्ट आपण टाळू नये. बाळूंनी पुढे स्वतंत्र मतदारसंघाला विरोध केला. 1937 मध्ये काँग्रेसने त्यांना मुंबईत थेट बाबासाहेबांविरुद्ध उभं केलं. बाबासाहेबांना 13,245 मतं पडली, बाळूंना 11,225. ज्यांना उमेदीची वर्षं कर्णधारपद नाकारलं, त्यांनाच बाबासाहेबांना पाडण्यासाठी पुढे करण्यात आलं, हा डाव आपण ओळखला पाहिजे. म्हणून काही कार्यकर्ते बाळूंचं नावच घेत नाहीत. आम्हाला हे पटत नाही. त्यांचं राजकारण चुकलं हे ठामपणे म्हणावं, आणि पालवणकर बंधूंचा लढा आपलाच आहे हेही तितक्याच ठामपणे सांगावं. विठ्ठल यांनी ‘माझे क्रीडा-जीवन’ हे आत्मचरित्र मराठीतच लिहिलं. ते शोधून वाचणं आपल्या हातात आहे.

तरुण मित्रांनो, पुढच्या स्पर्धेत आपल्या वस्तीतला पोरगा संघात आहे का, एवढंच पाहून थांबू नका. मंडळाच्या कार्यकारिणीची यादी मागा. निवड कोण करतं, मैदानाचा आणि वर्गणीचा हिशेब कुणाकडे आहे, पंच कोण नेमतं, हे विचारा. ‘खेळात जात आणू नका’ म्हणणाऱ्याला 1920 चं साल सांगा. आणि त्या समितीत आपली दोन माणसं बसेपर्यंत प्रश्न विचारणं थांबवू नका.

जय भीम!