उंच पऱ्हे म्हणजे निरोगी पऱ्हे?

चंद्रपूर-गडचिरोलीत मृगाचा पाऊस झाला की धानाचे पऱ्हे टाकतात. समजा, तुमच्या प्रयोगात बुरशीनाशक मिसळलेल्या मातीतले पऱ्हे जास्त वाढले. निष्कर्ष काय लिहाल? 'बुरशी मेली, म्हणून रोप वाढलं'? जरा थांबा. आधी थोडा इतिहास बघू.

जपानमध्ये धानाच्या एका रोगाला 'बाकानाए' म्हणजे 'खुळं रोप' म्हणतात. रोगट रोप शेजारच्यांपेक्षा उंच दिसतं, पण फिकट आणि किडकिडीत असतं. कारण बुरशी आहे, हे १८९८ मध्ये शोतारो होरी यांनी दाखवलं. पण बुरशी रोपाला उंच करते कशी? १९२६ मध्ये तैवानात काम करणाऱ्या एइची कुरोसावा यांनी बुरशी वाढवलेलं द्रावण गाळलं, बुरशी काढून टाकली आणि नुसतं द्रावण रोपांना दिलं. रोपं तरीही उंच झाली! म्हणजे करामत बुरशीने सोडलेल्या रसायनाची होती. १९३५ मध्ये तेइजिरो याबुता यांनी त्याला जिबरेलिन हे नाव दिलं.

आता उलट बाजू. १९७० च्या सुमारास जपानमध्येच हायमेक्साझोल हे मातीत मिसळायचं बुरशीनाशक आलं. फ्युजेरियम, पिथियम या बुरशींमुळे होणारी रोपांची मर थांबवणं हे त्याचं काम. पण त्याने धानाच्या रोपांची मुळंही जोमाने वाढतात, असं दिसलं. हे औषध मातीतच राहत नाही. मुळांतून रोपात शिरतं आणि तिथे त्याची वेगळी संयुगं बनतात.

म्हणून तुमच्या प्रयोगात दोन नाही, चार गट हवेत: साधी माती आणि निर्जंतुक केलेली माती, दोन्ही औषधासह आणि औषधाविना. निर्जंतुक करताना मातीतली अन्नद्रव्यंही बदलतात, म्हणून तुलना त्याच मातीतल्या दोन गटांत करा. बुरशी नसलेल्या मातीतही औषधाने फरक पडला, तर तो औषधाचा थेट परिणाम. तिथे पडला नाही आणि साध्या मातीत पडला, तर रोग आटोक्यात आल्याची शक्यता जास्त. आणि फक्त उंची मोजू नका. मुळांची लांबी आणि कोरडं वजनही घ्या. 'खुळं रोप' उंचीच्या पट्टीवर पहिलं येईल!

हा फरक नुसता प्रबंधापुरता नाही. फायदा फक्त रोग थांबल्याचा असेल, तर ज्याच्या पऱ्ह्यांत रोगच नाही, त्या शेतकऱ्याला तुमचा निष्कर्ष उगाच खर्चात पाडेल.